मधमाशी फिरकत नसेल तर

गंगापूर रोडच्या उंच गच्चीवर आज सकाळी लाल भोपळ्याचं मादीफूल उमललं, पण मधमाशी एकही नाही. अशा वेळी परागीभवन हातानेच करायचं.

फुलाखाली इवलासा भोपळा दिसला की मादी, नुसता बारीक देठ असेल तर नर. ताजं नरफूल तोडून पाकळ्या काढा, मधली दांडी उरेल. बोटाला पिवळी पूड लागते ना, तेच पराग. ती दांडी मादीफुलाच्या मधल्या चिकट भागावर सगळीकडून हळुवार टेकवा. पराग कमी पडले की फळ वाकडं होतं किंवा पिवळं पडून गळतं. ऊन चढायच्या आत उरका, फूल मिटतं.

दुधी-दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांचं काम दिवेलागणीला. टोमॅटो-वांग्याला फुलाच्या देठावर टिचकी पुरते.