दात साफ करायच्या आधीचा अर्धा तास

आज नवीन पेशंट दोनच होते पण दोघांचे मिळून जवळजवळ दोन तास गेले, आणि आता रात्रीचे साडेदहा वाजलेत तरी दोघंही डोक्यातून जात नाहीयेत म्हणून लिहून काढतेय.

सांगलीत आमच्या क्लिनिकला कोणी नवीन आलं आणि हिरड्यांची तक्रार असली की आधी माझ्या चेअरवर बसवतात. मी हायजिनिस्ट. दात साफ करणं, पॉलिश करणं, दातांची काळजी कशी घ्यायची ते शिकवणं, १९४८ च्या डेंटिस्ट अ‍ॅक्टमध्ये पण आमच्या कामाची व्याख्या साधारण हीच आहे. निदान डॉक्टर मॅडम करतात. पण ज्या केसपेपरवर त्या निदान करतात तो मी भरते, आणि तो नीट भरला नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे चालतं. डिप्लोमाच्या दोन वर्षांत हे नुसतं पाठ होतं, पटलं ते काम करायला लागल्यावर.

सकाळी पहिल्या आल्या त्या एक काकू, साठीच्या आसपास, नीटनेटक्या. हिरड्या सुजल्यात म्हणाल्या. गोळ्या-औषधं काही चालू आहेत का विचारलं तर काही नाही. आता एवढ्या वर्षांत एक शिकलेय की "औषधं चालू आहेत का" याचा अर्थ लोकांच्या लेखी "तुम्ही आजारी आहात का" असा होतो, रोजची गोळी त्यात कोणी धरतच नाही. म्हणून मी परत विचारते, सकाळी चहा-नाश्त्याबरोबर कुठली गोळी घेता का, रात्री झोपताना घेता का. मग काकू म्हणाल्या, "ती होय, ती बीपीची, ती तर सात-आठ वर्षं घेतेय." पर्समधून पाकीट काढलं, अ‍ॅम्लोडिपिन. काही जणांच्या हिरड्या या गोळीने वाढतात, सगळ्यांच्या नाही, आणि दातांवर घाण साचत असेल तर जास्तच वाढतात. काकूंच्या पुढच्या दातांच्या मधल्या हिरड्या अगदी मण्यांसारख्या फुगलेल्या होत्या. मी लगेच सांगून टाकलं की गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायची नाही, मॅडम तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतील, बदलायची की नाही ते ठरवतील. हे सांगावंच लागतं, नाहीतर लोक घरी जाऊन त्याच दिवशी बंद करतात.

हिरडीची फट मोजायचा प्रोब हातात घ्यायच्या आधी हे सगळं विचारायचं असतं, कारण प्रोबने पण हिरडीतून रक्त येतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, तर मॅडमना विचारल्याशिवाय मी हात लावत नाही.

मग आकडे. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोब म्हणजे बोथट टोकाची बारीक पट्टी, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा, ती दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत अलगद सोडायची, जोर अगदी वीस-पंचवीस ग्रॅमचा, पोस्टाच्या पाकिटाएवढा. एका दाताला सहा ठिकाणी, गालाकडून तीन, जिभेकडून तीन. अठ्ठावीस दात असले तरी १६८ आकडे होतात. मी बोलते आणि आमची रिसेप्शनवरची मुलगी लिहिते, सोळा नंबर, तीन दोन तीन, चार तीन पाच, रक्त. सोळा म्हणजे सोळावा दात नव्हे, पहिला आकडा तोंडाच्या चार भागांपैकी कितवा भाग आणि दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात, म्हणजे वरच्या उजव्या बाजूची सहावी, पहिली मोठी दाढ.

तीनपर्यंत ठीक असतं. काकूंना पुढच्या दातांना पाच-पाच लागत होते. नुसता आकडा बघितला तर वाटेल दाताला धरून ठेवणारं हाड गेलं. पण तिथे हिरडीच वर चढून बसली होती, दाताचं इनॅमल संपून मूळ सुरू होतं ती रेघ हिरडीच्या खाली पार चार मिलिमीटर आत होती, म्हणजे खरं नुकसान जेमतेम एक. म्हणून केसपेपरवर दोन ओळी असतात, खोली किती आणि हिरडीची कड त्या रेघेपासून कुठे आहे. दुसरी ओळ भरायला कंटाळा येतो, मला पण येतो, संध्याकाळच्या पेशंटला तर फार येतो. पण त्या ओळीशिवाय पहिली ओळ वाचताच येत नाही.

आणि दुपारी मामा आले तेव्हा नेमकं ह्याच्या उलट.

मार्केट यार्डात हमाली करतात. हळदीची पोती. चेअरवर बसल्यावर त्यांनी हात पोटावर ठेवले आणि मला आधी ती बोटंच दिसली, प्रत्येक पेराच्या रेषेत आणि नखांच्या कडेला हळद मुरलेली, साबणाने न जाणारी. पुतण्याने जबरदस्तीने आणलं होतं. "खालचं दात साफ करून द्या फक्त, बाकी काय न्हाई. पन साफ केल्यावर हालत्यात म्हंत्यात, ते खरं हाय का?"

हा प्रश्न मला महिन्यातून दहा वेळा तरी विचारतात, आणि दर वेळी पोटात गोळा येतो. तीन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये होते, तिथे रांग मोठी असायची, केसपेपर म्हणजे नाव, वय आणि "क्लिनिंग" एवढाच शब्द. एका मावशींचे खालचे पुढचे दात मी साफ केले, आतून किटाचा जाड थर होता, सगळे दात एकमेकांना बांधल्यासारखे. तो काढला. पंधरा दिवसांनी मावशी मुलाला घेऊन आल्या, दात हलत होते, मध्ये फटी दिसत होत्या. "ताई, माझे दात धड होते, तुम्ही सैल केले." हाड आधीच गेलेलं होतं, किटाने ते दात नुसते धरून ठेवले होते, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी माझ्याकडे दाखवायला एक ओळ नव्हती. ना आकडा, ना एक्स-रे, ना आधी सांगितल्याची नोंद. मावशींचं काही चुकलं नव्हतं, आधी न हलणारे दात नंतर हलत होते, त्यांनी जे बघितलं ते बोलल्या. मी घरी येऊन खूप रडले होते. तेव्हापासून कितीही गर्दी असली तरी आधी लिहिल्याशिवाय मी कीट काढायच्या स्केलरला हात लावत नाही, आणि त्यासाठी एक नोकरी पण सोडली.

तर मामांना म्हटलं, "मामा, खरं काय ते दोघं मिळून बघूया, आज साफ करायचंच नाही, आज फक्त मोजायचं." त्यांना ते फारसं पटलं नाही, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आले होते, पण बसले.

दातांच्या आधी मी गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू, सगळं बघून घेते. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का ते पण बघायला लावते, गुटख्याने तोंड उघडायचं कमी होतं आणि २०१२ पासून राज्यात बंदी असली तरी आमच्याकडे तसे पेशंट येतातच. मामांची तीन बोटं गेली. पण डाव्या बाजूला खाली, ओठ आणि हिरडीच्या मधे, पांढरा सुरकुतलेला पट्टा. तंबाखू-चुना मळून तिथेच ठेवतात, तीस वर्षं. मोजला, १४ बाय ८ मिलिमीटर, केसपेपरवरच्या चित्रात काढला, फोटो घेतला, मॅडमना बोलावलं. मॅडमनी हाताने चाचपून बघितलं, म्हणाल्या तंबाखू आजपासून बंद, दोन आठवड्यांनी परत दाखवायचं, तसाच असला तर तुकडा काढून तपासायला पाठवू. मामा एकदम गप्प झाले.

त्याच पट्ट्याशेजारचा दात, ३४ नंबर. प्रोब गेला दोनच. नुसती पहिली ओळ भरली असती तर हा तोंडातला उत्तम दात ठरला असता. पण हिरडी त्या रेघेपासून चार मिलिमीटर खाली उतरलेली, मूळ उघडं पडलेलं. चार आणि दोन सहा. सकाळी पाचचा एक झाला होता आणि इथे दोनचे सहा.

आकडे मोठ्याने बोलायचा एक फायदा असा की पेशंट ऐकत असतो. तीनपर्यंत चांगलं एवढं मी सुरुवातीलाच सांगून ठेवते. मागच्या दाढांना सहा, सात, रक्त असं यायला लागलं तेव्हा मामांनी हात वर केला, तोंडातला आरसा काढायला लावला आणि म्हणाले, "सात म्हंजी लईच की ओ." कित्येक वेळा अर्धा तास समजावून जे पोचत नाही ते त्यांना तिथे स्वतःच्या कानांनी कळलं.

शेवटी खालचे पुढचे चार दात. दोन हत्यारांच्या दांड्यांमध्ये दात धरून हलवून बघतात तसं बघितलं, काहीच हललं नाही, हलणार कसं, आतून सगळं किटाने जोडलेलं. एक्स-रेत मात्र हाड मुळांच्या निम्म्याच्याही खाली. मी लिहिलं, "किटामुळे दात आत्ता हलत नाहीत, हाड कमी आहे, कीट काढल्यावर हलण्याची शक्यता, पेशंटला आधी सांगितले." एक्स-रे लावून त्यांना दाखवला, मॅडमनी पण समजावलं की कीट ठेवलं तर हाड आणखी जाणार, काढलं तर हिरडी आवळेल, हलले तर आतून तारेने बांधता येतील, आणि त्यातला एखादा तरीही वाचणार नाही असं होऊ शकतं.

मामा बराच वेळ एक्स-रेकडे बघत होते. मग विचारलं, "म्हंजी आदीच गेलंय ते. हे कागदावर लिवलंय न्हवं?" लिहिलंय म्हटलं. वाचून दाखवा म्हणाले. वाचून दाखवलं. त्यांनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत, आणि कागदाच्या कोपऱ्याला अंगठ्याचा बारीक पिवळा डाग लागला.

शुगर कधी तपासलेलीच नाही, म्हणून तीन महिन्यांची शुगर करायला सांगितलीय. रिपोर्ट घेऊन बुधवारी अकराला येणार आहेत, पुतण्याचा नंबर घेऊन ठेवलाय. तंबाखूची डबी जाताना पुतण्याने खिशातून काढून घेतली तेव्हा मामा काही बोलले नाहीत. बुधवारी सुरुवात मागच्या दाढांपासून करायची, खालचे पुढचे शेवटी, आणि साफ झाल्यावर दोन-अडीच महिन्यांनी सगळे आकडे परत घ्यायचे, त्याच केसपेपरवर शेजारच्या रकान्यात.