पुढचे शॉकअप स्वतः बदलले, आणि डावा दोनदा

गाडी जवळजवळ वर्षभर मला सांगत होती की पुढचे शॉकअप गेलेत, आणि मी दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर बिल फाडत होते. आधी म्हटलं टायरमध्ये हवा कमी असेल. मग म्हटलं बॅलन्सिंग गेलं असेल, ते करून झालं. मग रस्त्याला शिव्या देऊन झाल्या, ते तर फुकटच असतं.

गाडी पंधरा वर्षांची, साधी सेडान, मीटरवर १,४०,००० किमी होऊन गेलेले आणि पुढचे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकटचे शॉकअप, कंपनीतून आले तेच. ब्रेक मारला की नाक खाली घालायची, स्पीडब्रेकरवरून उतरली की एकदा हलून गप्प बसायच्या ऐवजी दोन-तीनदा डुलायची, मोठ्या वळणावर असं वाटायचं की चाकं वळलीत पण वरचा डबा जरा मागून येतोय. पण शॉकअप काही एका दिवसात जात नाही ना, तो रोज थोडा थोडा जातो आणि आपण पण रोज थोडं थोडं सांभाळून घेतो, ब्रेक जरा आधी मारायला लागतो, वळणावर जरा हळू जातो, आणि आपल्याला वाटतं आपण आता समजूतदार ड्रायव्हर झालो. शेवटी एकदा आई मागच्या सीटवर होती, ती म्हणाली, "ही गाडी अशी होडीसारखी का डुलते गं?" आणि मग मला पण ती डुलायला लागली.

घरी आल्यावर पुढच्या टायरवरून तळहात फिरवला. डोळ्यांना टायर बरा दिसत होता, पण हाताला लाटा लागत होत्या, चार बोटांच्या रुंदीएवढा उंचवटा, मग तेवढाच खोलगट भाग, अशा पूर्ण गोलात. शॉकअप चाकाला रस्त्यावर दाबून ठेवत नाही तेव्हा चाक बारीक बारीक उड्या मारत चालतं आणि जिथे आपटतं तिथे जास्त झिजतं, त्याच्या या लाटा. अलाइनमेंट बिघडली की टायर सहसा एका कडेने झिजतो, हे वेगळं. मग स्टेअरिंग पूर्ण वळवून चाकामागे टॉर्च मारला तर स्ट्रटची खालची नळी निम्म्याहून जास्त ओली, आणि त्या तेलावर धूळ बसून असा काळा जाड थर झालेला की बोटाने रेघ ओढता येत होती. वरच्या सीलजवळ नुसता दमटपणा दिसला तर घाबरायचं कारण नसतं, पण अशी खालपर्यंत ओघळ आली की विषय संपला.

ते बॉनेट दाबून सोडायचं आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचं, ती टेस्ट मी पण केली होती आणि माझी गाडी त्यात पास झाली होती! एकदा वर आली आणि थांबली. ती टेस्ट फक्त पार मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला नाही. हाताने गाडी हळू हलते, रस्त्यावर चाक खूप जोरात वरखाली होतं, दोन्हीची तुलनाच नाही.

थोडं हे पण सांगते कारण मला स्वतःला आधी माहीत नव्हतं. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम फक्त स्प्रिंगला नाचू न देणं. आत तेल असतं, पिस्टन त्यातून वरखाली होतो, तेलाला बारीक वाटांमधून जावं लागतं आणि त्या हालचालीची उष्णता होते, बस. तेल गळलं की आत हवा मिसळते, फेस होतो आणि फेसाला कसली अडवणूक जमणार. आता स्ट्रट म्हणजे नुसता शॉकअप नाही, त्याच्यावरच स्प्रिंग बसवलेली असते, वर रबरी माउंटिंग आणि बेअरिंग, आणि खाली तो सरळ नकलला, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या लोखंडी भागाला, बोल्ट केलेला. म्हणजे चाक वळलं की अख्खा स्ट्रट स्प्रिंगसकट वळतो. ही युक्ती अर्ल मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरची, तो आधी शेव्हरलेच्या एका छोट्या गाडीवर काम करत होता, ती १९४७ मध्ये रद्द झाली, मग तो फोर्डमध्ये गेला आणि १९५० च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सलमध्ये हे सस्पेन्शन आलं. मग हळूहळू बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांच्या पुढे हेच झालं. वरचं बेअरिंग लक्षात ठेवा, त्याच्यावरच मी पुढे तोंडावर आपटले.

पार्ट घेताना दोन रस्ते असतात. एक, स्प्रिंग माउंटिंग सगळं जोडलेला तयार स्ट्रट, जुना काढा नवा लावा. दुसरा, नुसता स्ट्रट घ्यायचा आणि आपली जुनी स्प्रिंग त्याच्यावर चढवायची. माझ्या स्प्रिंग चांगल्या होत्या, तुटलेल्या नाहीत, गंज पण वरवरचा, म्हणून मी दुसरा रस्ता घेतला. दोन्ही बाजूंचे एकदमच घ्यायचे, एक नवा आणि एक जुना असं करायचं नाही, गाडी ब्रेकला एका बाजूला ओढल्यासारखी वागते. आणि डावा-उजवा बघून घ्या, ब्रेकच्या पाइपची पट्टी कुठल्या बाजूला आहे त्यावरून कळतं.

मदतीला धाकटा भाऊ. त्याला म्हटलं दोन तासांचं काम आहे. हे वाक्य त्याने दिवसभरात मला किती वेळा ऐकवलं ते विचारू नका.

आदल्या रात्रीच सगळ्या नटांवर गंज सुटायचं तेल मारून ठेवलं होतं, हे एक काम मी शहाण्यासारखं केलं. सकाळी गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक, मागच्या चाकांना अडण, चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले, मग जॅक आणि जॅकवरून स्टँडवर. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणारे लोक मी बघितलेत, मी त्यांच्याशी वाद पण घालत नाही.

पहिला शत्रू लिंक रॉडचा नट, म्हणजे गाडीला वळणावर कलू न देणारा बार स्ट्रटला जोडणारी छोटी दांडी असते, तिचा. पाना लावला की नटाबरोबर आतला बोल्ट पण गोल गोल फिरतो, त्याच्या टोकाला ॲलन की घालून धरायचा असतो. उजवीकडे जमलं. डावीकडे त्या ॲलन कीच्या खाचेत इतकी माती आणि गंज की की आतच जाईना, मग बारीक खिळ्याने ती खरवडून काढली, ब्रश मारला, परत तेल, तरी शेवटी खाच गोल झालीच. नट आडव्या ब्लेडने कापला. नवा लिंक रॉड आणायला भाऊ गेला, जाताना म्हणाला, "ताई, दोन तासांतला एक तास झाला हं."

मग ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर पट्टीतून सोडवायची, आणि नकलला धरणारे दोन जाड बोल्ट. ते काढायच्या आधी बोल्टचं डोकं आणि स्ट्रट यांवर पांढऱ्या रंगाची खूण करून घ्या, काही गाड्यांत वरचा बोल्ट कॅम्बरसाठी, म्हणजे चाक उभं किती कलतं ते ठरवायला असतो. हे बोल्ट १९ च्या पान्याचे होते, लांब दांड्याला लटकल्यावर असा काही कडाड आवाज आला की मला वाटलं बोल्ट तुटला, पण सुटला होता. बोल्ट निघाले की नकल बाहेर पडायला बघते, तिला तारेने बांधून ठेवायची, नाहीतर सगळं वजन ब्रेकच्या पाइपवर येतं, आणि जास्त बाहेर झुकली तर ॲक्सलचा आतला जॉइंट पण निसटू शकतो.

आता बॉनेटखाली. तिथे प्रत्येक बाजूला तीन छोटे नट गोलात दिसतात आणि मध्ये एक मोठा. तीन छोटे काढायचे, खालून कुणीतरी स्ट्रट धरून ठेवायचा, स्ट्रट खाली हातात येतो. मधल्याला हात लावायचा नाही. नाही म्हणजे नाही. गाडी हवेत असली, चाक लटकत असलं तरी स्प्रिंग दाबलेलीच असते आणि तिला धरून ठेवणारा तो एकटा नट आहे. तो सोडला तर माउंटिंग आणि स्प्रिंग बंदुकीतून सुटल्यासारखी येते, आणि आपण नेमके तिथेच वाकलेलो असतो.

स्प्रिंग दाबायला कम्प्रेसर लागतो, मी भाड्याने आणला. दोन लांब स्क्रू, दोन्हीला आकडे, ते स्प्रिंगच्या समोरासमोर बरोबर विरुद्ध बाजूंना लावायचे आणि थोडं इकडे थोडं तिकडे असं आळीपाळीने आवळायचं. एकच बाजू आवळत गेलात तर स्प्रिंग केळीसारखी वाकते आणि आकडा सरकतो. मी हातपान्यानेच केलं, मशीन नाही लावलं, आणि भावाला स्प्रिंगच्या टोकासमोरून बाजूला उभं केलं. आवळताना मधेच एक वेटोळं आकड्यात जरासं सरकलं, "टक्" एवढाच आवाज, दोन मिलिमीटर पण नसेल, पण आम्ही दोघं एकदम मागे झालो आणि नंतर पाचेक मिनिटं कुणी काही बोललं नाही. पूर्ण ढिलं करून आकडे परत लावले. स्प्रिंग हाताने बसकीत हलायला लागली, म्हणजे माउंटिंगवरचा दाब गेला, की मगच मधला नट. तेव्हा पण पिस्टनचा दांडा फिरतो, तो पक्कडने धरायचा मोह होतो, धरू नका, दांड्यावर एक ओरखडा पडला की तो सील कापतो आणि नवा स्ट्रट पण गळायला लागतो.

सगळं सुटल्यावर आतला बम्प स्टॉप, तो फोमसारखा ठोकळा असतो ना, तो हातात घेतला आणि त्याचा भुगाच झाला. धुळीचं रबरी बूट तर अर्धं गायबच. दोन्ही नवे टाकलेच पाहिजेत, दांड्यावर माती बसून सील जातं आणि बम्प स्टॉप नसला की खड्ड्यात स्ट्रट आतून आपटतो.

मग मी जुना आणि नवा शेजारी उभे धरून दाबून बघितले. नवा दाबायला सगळं अंग टाकावं लागलं, सोडला की दांडा आपला आपण सावकाश वर आला, आत गॅस असतो म्हणून. जुना अर्धा कसलीच अडवणूक न करता खाली गेला, मग जरा घट्ट लागला, आणि मग तिथेच बसून राहिला. वर आलाच नाही. या दोन नळ्यांवर मी वर्षभर हायवेला गाडी चालवत होते. नवा बसवायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून पूर्ण ओढायचा, आडवा पडून राहिलेला असतो त्यामुळे हवा चुकीच्या जागी गेलेली असू शकते.

जोडताना स्प्रिंगचं टोक खालच्या बशीत जी पायरी असते तिला टेकलं पाहिजे. मधला नट नवा. बाकीचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने.

आणि आता माझा शहाणपणा. उजवीकडचं माउंटिंगचं रबर फाटलेलं होतं म्हणून ते नवीन टाकलं. डावीकडचं मला बरं दिसलं. बेअरिंग हाताने फिरवलं, फिरत होतं, किंचित खरखर होती पण म्हटलं चालेल, उगाच कशाला, नवा जोड आणलाय त्यातला एक राहू दे जपून. कशासाठी जपून, देव जाणे.

गाडी खाली घेतली, पहिला स्पीडब्रेकर, एक झटका आणि शांत. भाऊ म्हणाला, "ही आपलीच गाडी आहे ना?" ब्रेकला नाक खाली जाईना, वळणावर डबा चाकांबरोबर. मी इतकी खुश की परत तोच स्पीडब्रेकर दोनदा घेतला. मग गाडी लावायला स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि डावीकडून आवाज आला, टंग्ग्. तंबोऱ्याची तार ओढून सोडावी तसा. परत वळवलं, परत टंग्ग्. आणि वळणातून बाहेर येताना स्टेअरिंग आपोआप सरळ होईना, मधेच अडकल्यासारखं राहायचं.

बॉनेट उघडून डावीकडच्या स्प्रिंगवर हात ठेवला आणि भावाला स्टेअरिंग फिरवायला सांगितलं. स्प्रिंग चाकाबरोबर फिरायच्या ऐवजी थांबून राहत होती, पिळली जात होती, आणि मग एकदम सुटून माझ्या तळव्याखाली उडी मारत होती. तेच ते किंचित खरखरणारं बेअरिंग. हातात रिकामं फिरवलं तर फिरणारच, त्याच्यावर तीनशे किलो आले की मग त्याचा खरा स्वभाव कळतो.

म्हणजे चाक काढा, लिंक रॉड, बोल्ट, तार, कम्प्रेसर, सगळं पहिल्यापासून. भावाने घड्याळाकडे बघितलं आणि काही न बोलता जॅक घेऊन आला, ते मला जास्त लागलं. दुसऱ्यांदा मात्र पाऊण तासात झालं, सगळे नट नुकतेच सुटून बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करून घेतली, ती टाळता येत नाही, नकलच्या त्या दोन बोल्टांच्या भोकात थोडी जागा असतेच आणि तेवढ्याने कॅम्बर बदलतो, त्याच्याबरोबर टो पण, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते. शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट परत आवळून बघितले, एक किंचित फिरला.

टायरच्या लाटा मात्र तशाच आहेत, साठच्या पुढे गेलं की घूं घूं ऐकू येतं, ते टायर बदलेपर्यंत जाणार नाही. आई परवा मागे बसली होती, डुलण्याबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "हा आवाज कसला गं येतोय?"