आमची वाटचाल : जुन्या जपानी गिटारी

आम्ही दोघं भाऊ. लाकूडकाम माझ्याकडे, वायरिंग धाकट्याकडे. सुरुवातीला गिटार दुरुस्तीचं येईल ते काम घ्यायचो, कोणाचा जॅक (वायर जोडायचं भोक) खरखरतोय, कोणाचे फ्रेट (नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या) झिजलेत, आणि अशात एकाने बंद पडलेली आयबानेझ, म्हणजे एका जपानी ब्रँडची गिटार, विकायला काढली, ती आम्ही घेतली आणि मग धंद्याची दिशाच बदलली.

घेताना आधी नंबर बघितला. त्या काळात यांच्या सिरीयल नंबरात पहिलं अक्षर म्हणजे महिना, पुढचे दोन आकडे म्हणजे वर्ष. हिच्यावर ई 78 होतं, म्हणजे मे 1978. नागानो प्रांतात मात्सुमोतोला फुजिगेनचा कारखाना आहे, 1960 साली सुरू झालेला, ही तिथलीच. ग्रेको या दुसऱ्या जपानी ब्रँडच्या गिटारी तिथेच बनायच्या आणि 1982 ला फेंडर या अमेरिकन कंपनीचं फेंडर जपान सुरू झालं तेव्हा त्यांचं कामही तिथेच गेलं. नेकचा जोड बघितला ना, कागदसुद्धा सरकणार नाही इतका घट्ट. असं काम केलेल्या गिटारीला लोक नुसती अमेरिकन गिटारीची 'कॉपी' म्हणून बाजूला टाकतात याचं खरंच वाईट वाटतं.

ब्रिजकडचा, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथला पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) मुका होता. हा हंबकर प्रकारचा, त्यात दोन कॉइल असतात म्हणून भावाने दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या, एकीला चार किलोओहमच्या आसपास रीडिंग आणि दुसरीला काहीच नाही. नवीन पिकअप टाकला असता तर तासाभरात काम झालं असतं, पण मूळ आवाज कायमचा गेला असता. टेप सोडवली तर आधी कोणीतरी उघडताना लीड (बाहेर येणारी वायर) ओढलेली दिसली आणि तार अगदी जोडापाशीच तुटलेली. ही तार केसासारखी बारीक, साधारण 0.06 मिलिमीटर. चिमट्याने टोक शोधलं, वरचा थर हलक्या हाताने खरवडला, टाका मारला आणि कॉइल बोलायला लागली, रीवाइंड करायची, म्हणजे तार नव्याने गुंडाळायची गरजच पडली नाही. त्या दिवशी आम्ही दोघं किती खूश होतो काय सांगू!

नेकला मात्र घाई चालत नाही. तारा सैल करायच्या, ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा बाक कमीजास्त करणारा लोखंडी दांडा) पाव फेरा फिरवायचा, रात्रभर तशीच ठेवायची, मग परत तारा ताणून पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून मधे तार आणि फ्रेट यांतली फट बघायची. पाव मिलिमीटरच्या आसपास आली की बास. फ्रेट लेव्हल करायचे, म्हणजे घासून एका उंचीला आणायचे, ते त्यानंतरच, कारण वाकड्या नेकवर लेव्हल केलेले फ्रेट नेक सरळ झाली की परत खालीवर होतात.

आज आमच्याकडे जास्त करून अशाच गिटारी येतात, तोकाई ब्रँडच्या येतात, मात्सुमोकू कारखान्यात बनलेल्या एरिया ब्रँडच्या येतात आणि टेस्कोसुद्धा. टेस्को कंपनी 1946 ची, 1967 ला कावाई या वाद्यं बनवणाऱ्या जपानी कंपनीने घेतली, आणि त्यांच्या बऱ्याच जुन्या मॉडेल्सना फिरवता येणारा ट्रस रॉडच नाही, तिथे उष्णता देऊन क्लॅम्प लावावा लागतो आणि गिऱ्हाइकाला वेळ लागेल असं आधीच सांगतो. रंग आम्ही परत मारत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. पॉट (आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा भाग) खरखरत असेल तर आधी क्लीनर, बदलावाच लागला तर जुना पिशवीत घालून गिटारीसोबत परत.

आणखी एक, 'लॉसूट गिटार' म्हणून जादा पैसे देऊ नका. गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीच्या मालक कंपनीने 1977 ला आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर खटला (लॉसूट) भरला तो हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या टोकाच्या खुंट्यांच्या भागाच्या आकारावरून होता, आणि आता बाजारात वाट्टेल त्या जपानी गिटारीला तेच लेबल चिकटवतात. पैसे द्यायचे ते सरळ नेकला आणि मूळ पिकअपला द्या.

कोणाकडे अशी गिटार पडून असेल तर आधी हेडस्टॉकचे, नंबरचे आणि आतल्या सोल्डरिंगचे फोटो पाठवा, बऱ्याच गोष्टी फोटोवरूनच कळतात. गिटार पाठवताना तारा थोड्या सैल करा, काढून टाकू नका, आणि हेडस्टॉकच्या मागे फोमचा आधार द्या, प्रवासात धक्का बसला की तिथेच तुटते.