लाल किल्ल्यावरचं प्रश्नचिन्ह

26 जानेवारीला आमच्या वृत्तवाहिनीच्या डेस्कवर एरवी निवांत असतं. कर्तव्यपथावरचं (तेव्हाचा राजपथ) संचलन लाइव्ह घ्यायचं, चित्ररथांच्या पट्ट्या आदल्या रात्रीच टाइप करून ठेवलेल्या असतात, दुपारी कुणीतरी जिलेबी आणतं. 2021 साली दिल्लीच्या सीमेवरच्या सिंघू, टिकरी आणि गाझीपूरहून कृषी कायद्यांविरोधातल्या शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर निघणार होते, म्हणून शिफ्टला दोन माणसं जास्त होती, एवढंच. पंजाबचा चित्ररथ गुरू तेगबहादूरांच्या 400व्या प्रकाशपर्वाचा, म्हणजे जयंतीचा होता. त्यावर पालखी साहिब होती, मागच्या बाजूला रकाबगंज गुरुद्वारा. ‘त्याग आणि शौर्याचं दर्शन’ अशी पट्टी मीच लिहिली होती. सणासुदीला असल्या पट्ट्या डोकं न लावता लिहून होतात.

दुपारी एजन्सीच्या फीडवर लाल किल्ला आला. गर्दी तटावर पोचली होती आणि एक पोरगा खांबावर चढत होता. पंधरा ऑगस्टला पंतप्रधान झेंडा फडकवतात तोच खांब. त्या दिवशी तो रिकामा होता. पोराने वर जाऊन जो झेंडा लावला तो त्रिकोणी होता, केशरी, मधोमध खंडा हे शिखांचं चिन्ह. वर किल्ल्यावर तिरंगा होता तसाच फडकत होता, पण फीडच्या चौकटीत तो येत-जात राहिला आणि आम्ही लूपवर टाकलेल्या अकरा सेकंदांत तर तो नव्हताच.

“फ्लॅश टाक,” शिफ्टप्रमुख मागून ओरडले. “लाल किल्ल्यावर खलिस्तानी झेंडा.”

मी नांदेडची. आमच्या घरापासून हजूर साहिब गुरुद्वारा चालत दहा मिनिटं. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली जिथे देह ठेवला ते हे तख्त, शिखांचं धर्मपीठ, हे आम्हाला शाळेत शिकवायची गरज पडली नाही. गल्लीतल्या मैत्रिणीबरोबर मी गुरुद्वाऱ्यात निशान साहिबचा चोला बदलताना बघायला जायचे. खांब आडवा घेतात, त्याला गुंडाळलेलं जुनं कापड सोडवतात, दूध-पाण्याने धुतात आणि नवं चढवतात. नवं कापड कडक असायचं, घडीच्या रेघा तशाच. ते ताणून धरायला पोरांना बोलवायचे. ओल्या हातांना केशरी रंग लागायचा आणि घरी गेल्यावर आई विचारायची, कुठं बरबटून आलीस? सांगायचा मुद्दा, तो झेंडा मी हातात धरलेला आहे. इथे जंगलात लंगर आहे, थकल्या माणसाला निवारा आहे, हे लांबून कळावं म्हणून तो उंच असतो. खलिस्तानवाले परदेशात जे झेंडे नाचवतात, त्यांवर तो शब्दच मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. इथे कापडावर एक अक्षर नव्हतं.

“सर, तो निशान साहिब आहे.”

“म्हणजे?”

“गुरुद्वाऱ्यावर असतो तो. प्रत्येक गुरुद्वाऱ्यावर.”

त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर सगळी चॅनेलं लावलेली असतात, आवाज बंद करून. त्यातल्या तीन पडद्यांवर तोच शब्द होता. “हे सगळे येडे आहेत का?” मग थोडं थांबून, जणू माझ्यासाठी सवलत काढावी तसं म्हणाले, “बरं, प्रश्नचिन्ह टाक.”

आमच्या धंद्यात प्रश्नचिन्ह ही फार सोयीची वस्तू आहे. शब्द पडद्यावर जातो आणि जबाबदारी मागे राहते. मी टाइप केलं: ‘लाल किल्ल्यावर खलिस्तानी झेंडा?’ लाल पट्टी, पांढरी अक्षरं. एंटर मीच मारलं. नाही म्हणता आलं असतं का, तर आलं असतं. फार तर खुर्चीवर दुसऱ्याला बसवलं असतं. मी उठले नाही.

किल्ल्यावर त्या दिवशी जे झालं त्याचं मी समर्थन करत नाही. तिथे घुसायचं काहीच कारण नव्हतं, तीनशेहून जास्त पोलीस जखमी झाले, आणि त्यात आंदोलनाचंही नुकसान झालं. ती बातमी होतीच, तेवढी पुरेशी होती. झेंड्याचं नाव चुकवल्याशिवाय ती लहान पडत होती असं नाही.

आऊटपुटला व्हिज्युअल हवी होती म्हणून मी लायब्ररीत ‘शीख’ टाकून शोधलं. तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं आमच्याकडे काय साठवलंय ते. लंगरात पोळ्या लाटणारे हात. तलवार फिरवणारे निहंग, म्हणजे शीख योद्धे. भांगडा, बैसाखीच्या नावाने. आणि 1984. दुकानात बसलेला, कोर्टात वाद घालणारा, लोकलला लटकलेला सरदार एकही नाही. ‘सरदारजी’ टाकलं तर विनोदी कार्यक्रमांचे तुकडे आले. संध्याकाळच्या चर्चेला मागे निहंगच लावले, कारण ते दिसायला जोरदार.

साडेचारच्या सुमारास नांदेडहून फोन आला. मैत्रिणीचे वडील, आमचे सिंगकाका. स्टेशन रोडला त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. घराण्याच्या किती पिढ्या नांदेडात गेल्या ते त्यांनाही मोजता येत नाही. मराठी माझ्यापेक्षा ठसठशीत.

“काय गं माय, डूटीवर हायस का?”

“हो काका.”

“मग राहू दे, काम कर. एक विचारायचं होतं. शेजारचं पोरगं विचारायलंय, काका तुमच्या गुरुद्वाऱ्यावर हेच झेंडं हाय ना? आता ह्याला काय सांगू?”

पट्टी कुणी लिहिली हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी म्हटलं, काका, बदलतील. ते म्हणाले, “मागच्या साली बी तू असंच म्हणली होतीस.”

मागच्या साली म्हणजे एप्रिल 2020. टाळेबंदीत हजूर साहिबला चार हजारांच्या आसपास यात्रेकरू अडकले होते. पंजाबने बसेस धाडून त्यांना नेलं, तिकडे तपासण्यांत बरेच बाधित निघाले, आणि मग आमच्या ग्राफिक्समध्ये गुरुद्वाऱ्याच्या घुमटावर लाल काट्यांचा विषाणू बसला. त्या वेळी काका चिडले होते. आता चिडले नव्हते, ते मला जास्त लागलं.

रात्री साडेआठच्या बुलेटिनला ‘खलिस्तानी’ जाऊन ‘धार्मिक झेंडा’ आला. कुणाचा फोन आला, कुणी ठरवलं, कळलं नाही. दिलगिरी वगैरे काही नाही. शिफ्टप्रमुख जाताना माझ्या टेबलाशी थांबले. “तुझं बरोबर होतं,” एवढं म्हणाले आणि जिलेबीचा खोका माझ्याकडे सरकवला. वाईट माणूस नाही. भिंतीवरचे पडदे त्यांनाही बघावे लागतात.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत गेले. ती अकरा सेकंदांची क्लिप ‘खलिस्तानी फ्लॅग रेड फोर्ट’ या नावाने चढवलेली होती. नाव बदलून द्या म्हटलं. लायब्रेरियन म्हणाला, एकदा ऑन एअर गेलेल्या क्लिपचं नाव लॉक होतं मॅडम, पाहिजे तर कीवर्ड वाढवतो. मी स्पेलिंग सांगितलं, त्याने माझ्यासमोर ‘निशान साहिब’ भरलं.

19 नोव्हेंबरला, गुरू नानक जयंतीच्या सकाळी, पंतप्रधानांनी कृषी कायदे मागे घेत असल्याचं जाहीर केलं. आंदोलनाचा मागोवा घेणारं पॅकेज तासाभरात कापायचं होतं. नव्या पोराने लायब्ररीत ‘लाल किल्ला’ टाकलं, सगळ्यात वर तीच क्लिप आली. त्याने खुर्ची वळवून मला विचारलं, “मॅडम, याला दोन नावं आहेत. कुठलं घेऊ?”