नातवाचा रेसिड्यू रिपोर्ट

सोमवारी नाशिकहून परतलो आणि बुधवारी किटामधून चिठ्ठी आली. किटा म्हणजे इथली, जर्मनीतली बालवाडी. चिठ्ठीबरोबर झाकणाची बाटली आणि भलामोठा फॉर्म. शुक्रवारी मुलाची सकाळची पहिली लघवी बाटलीत भरून आणा. प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स आणि क्रीम-शांपू टिकवणारी पॅराबेन्स त्यात किती आहेत ते राज्याचं पर्यावरण खातं तपासणार. सक्ती नाही.

माझ्या पोटात गोळाच आला. फॉर्म विचारत होता, मूल काय खातं, कशातून खातं, अंगाला काय लावता. आणि माझ्या डोळ्यांपुढे म्हसरूळच्या घरातले पाच आठवडे. पातळ पिशवीत गाठ मारून आणलेला मिसळीचा कढत रस्सा. अंघोळीनंतर आईनं नातवाला पार भुतासारखी थापलेली पावडर. रामकुंडाजवळ घेतलेला चेंडू, ज्याचा वास दोन खोल्या ओलांडून यायचा आणि जो पठ्ठ्या उशाशी घेऊन झोपायचा. वाटलं, ही बाटली उघडली की अख्खं नाशिक त्या प्रयोगशाळेच्या टेबलावर सांडणार. मग फोन येणार, बाई, तुम्ही मुलाला नेलं तरी कुठे?

रात्री बसून वाचलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. ही द्रव्यं अंगात मुक्काम करत नाहीत. शरीर त्यांचे तुकडे करतं आणि बहुतेक सगळं दिवसभरात लघवीवाटे बाहेर. (म्हणून थॅलेटऐवजी त्याचा शरीरात झालेला तुकडा मोजतात, बाटलीच्या प्लास्टिकमधून काही मिसळलं तरी हिशेब चुकत नाही.) म्हणजे शुक्रवारच्या बाटलीत फार तर बुधवार-गुरुवार असणार. आणि बुधवार-गुरुवार आम्ही जर्मनीत होतो. नाशिक निर्दोष! खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. आईच्या पावडरीत काय होतं ते त्यामुळे कळणारच नाही, हे लक्षात आलं होतं. तरी झाला.

एका मुलाच्या एका बाटलीवरून तसं फारसं काही कळत नाही. दर तीन वर्षांनी वेगवेगळ्या बालवाड्यांतल्या मुलांकडून घेत राहिलं की कळतं. आपल्याकडे नाही का, पुरात गोदावरीचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते सगळे सांगतात. नुसतं ‘छातीपर्यंत’ म्हटलं तर बाहेरच्याला काय कळणार? पण गेल्या वर्षी कमरेला होतं हे ज्याला ठाऊक, त्याला पूर कळतो.

आबांना, माझ्या वडिलांना, फोनवर सांगितलं. मला वाटलं हसतील. दिंडोरीकडे तीस वर्षं द्राक्षं काढलेला माणूस. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? ‘अगं, पोरगं जास्त पाणी प्यायलं तर सॅम्पल पातळ नाही का होणार?’ होतं. म्हणून शरीर रोज साधारण सारखंच बाहेर टाकतं ते क्रिएटिनिनही लघवीत मोजतात आणि त्या हिशेबानं आकडा काढतात. ‘म्हणजे डेअरीवर दुधातलं पाणी ओळखायला डिग्री लावतात तसं,’ आबा म्हणाले. विषय संपला. मला हे समजायला अर्धा तास लागला होता.

मग त्यांनी 2010 काढलं. ते निघणारच होतं. त्या वर्षी आपली द्राक्षं युरोपनं अडवली, क्लोरमेक्वॅट सापडलं म्हणून. आपले शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर वेलीचे फुटवे आवरायला मारलेलं औषध, पुढच्या मोसमाच्या घडात निघालं. आमचा माल एका एक्स्पोर्टरकडे होता. त्यानं आधी भाव पाडला, नंतर फोन उचलणंच सोडलं. त्या वर्षी आई नवीन साडी न घेता लग्नांना गेली आणि माझी इंजिनिअरिंगची फी काकांनी भरली. ‘औषध मारू नका असं आम्हाला आधी कुणी सांगितलं होतं का?’ हे वाक्य मी तेव्हापासून ऐकतेय. आता निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंद, सॅम्पल, रेसिड्यूचा, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाचा रिपोर्ट. पास झाला तरच कात्री लागते. इथल्या दुकानात भारतीय द्राक्षांचा डबा दिसला की मी उगाच ताठ होते. या लोकांच्या लेकरांसाठी आमच्या घडाघडाची परीक्षा झालेली असते. आबांच्या स्वतःच्या लेकराची अशी बाटली कुणी मागितली नाही. मला कावीळ झाली तेव्हा एकदाच.

आणि यांचं काय? फेब्रुवारी 2024 मध्ये आम्ही राहतो त्याच नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यानं जाहीर केलं, की बालवाडीतल्या मुलांचे साठवून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले तर एका थॅलेटची खूण सापडली. सौंदर्यप्रसाधनांत ज्याला बंदी आहे, पुनरुत्पादनाला जे घातक मानतात, त्याची. 2017-18 च्या नमुन्यांत 26 टक्के मुलांत, 2020-21 च्या नमुन्यांत 61 टक्के. शोधत शोधत गाडी कुठे पोचली? सनस्क्रीनवर. ऊन अडवणाऱ्या एका रसायनात ते भेसळीसारखं आलं होतं, ते बनवतानाच. बहुतेक मुलांत सापडलं तेवढ्यानं अपाय होण्याची शक्यता नाही, असं इथल्या तज्ज्ञांनी सांगितलं. असेलही. पण आमची आई पोरांना उन्हात खेळायला सोडताना टोपी घालायची, नाहीतर नुसती ओरडायची.

हे सगळं मी आबांना जरा जोरातच सांगितलं. ते म्हणाले, ‘सापडलं कसं पण? शोधत होते म्हणूनच ना?’

शुक्रवारी बाटली दिली. मुलाला मोठा अभिमान, सगळ्यांना दाखवत नेली. घरी येऊन मी त्याच्या सनस्क्रीनची ट्यूब उलटी केली. पाचव्या ओळीत ते नाव होतं, वाचताना दम लागावा असं: डायइथिलअमिनो हायड्रॉक्सिबेन्झॉइल हेक्झिल बेन्झोएट. नावातलं रसायन चालतं, भेसळ ट्यूबवर लिहीत नाहीत. फेकायला हात उचललाही होता. पण क्रीम लावल्याशिवाय आमचा किटा पोरांना अंगणात सोडत नाही आणि शनिवारी दुकानात पाहिलेल्या दुसऱ्या दोन ट्यूबवरही तेच नाव होतं. सोमवारी त्याच ट्यूबवर त्याच्या नावाची नवी पट्टी चिकटवून दिली.