वेंगुर्ला रोडवरून आठवीला

आमच्या गावची मराठी शाळा सातवीवर संपते. पुढं शिकायचं तर गावाबाहेर पडावं लागतं. जवळपासच्या गावांतही हायस्कुलं आहेत, माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुली तिकडंच गेल्या. मी बेळगावला जायचं ठरवलं. मला प्रयोगशाळा असलेली शाळा हवी होती, आणि शहरात मोठं वाचनालय आहे हे आत्तेबहिणीनं सांगून ठेवलं होतं. या जूनपासून मी रोज वेंगुर्ला रोडनं ये-जा करते. पुढच्या जूनला बाची, तुरमुरी, उचगाव, सुळगा या पट्ट्यातून जे आठवीला शहरात निघतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय. हायस्कूल कसं असतं ते सगळेच सांगतात. तिथवर पोचायचं कसं हे मात्र कुणी नीट सांगत नाही, आणि माझी निम्मी भीती त्या रस्त्याचीच होती.

आधी मे महिन्याचं बोलते, कारण खरी तयारी तेव्हाच होते. आपल्याकडची शाळा मेअखेरीस, फार तर जूनच्या पहिल्या दिवसांत उघडते. सीमेपलीकडं, महाराष्ट्रातल्या शिनोळीत माझी मामेभावंडं तेव्हा निवांत असतात, महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. त्यांचं बघून आपण सुट्टी धरून बसायचं नाही. आणखी एक. मामेबहिणीची मागच्या वर्षीची पुस्तकं घरात असली तरी ती अवांतर वाचायला ठेवा. त्यांची पुस्तकं बालभारतीची, आपली कर्नाटकाची. दोन्ही मराठीतच असली तरी धडे वेगळे, क्रम वेगळा. आपली पाठ्यपुस्तकं अनुदानित शाळेत शाळेतूनच मिळतात, त्यामुळं दुकानात धावायची घाई नको. वह्यासुद्धा विषयशिक्षकांनी सांगितल्यावरच घ्या, कुणाला दोनशे पानी लागते, कुणाला आखीव.

कागदपत्रांत सातवीचा दाखला म्हणजे टीसी, आधार कार्ड, फोटो, बँकेचं पासबुक आणि जात-उत्पन्नाचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्र नाडकचेरीतून, म्हणजे भागातल्या महसूल कचेरीतून मिळतं आणि त्यावरचा आरडी नंबर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना विचारतात, म्हणून तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जुन्या शाळेतून आपला सॅट्स नंबर, म्हणजे विद्यार्थी म्हणून सरकारी नोंदीतला आपला क्रमांकही मागून घ्या. सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे नावाचं स्पेलिंग. आपलं नाव घरी मराठीत, दाखल्यावर कन्नडमध्ये आणि आधारवर इंग्रजीत असतं. तिन्हीकडं ते एकसारखं आहे का, हे आईवडिलांसोबत बसून एकदा ताडून बघा. आडनावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं असेल तर ते आठवीत दुरुस्त करून घेणं सोपं असतं. दहावीच्या अर्जापर्यंत राहिलं तर घरच्यांना शेतातली कामं टाकून कचेऱ्यांत हेलपाटे घालावे लागतात.

मेच्या शेवटी आप्पांनी मला एकदा नुसतंच शाळेपर्यंत नेऊन आणलं. दप्तर नाही, युनिफॉर्म नाही, प्रवेशाचं कामही नाही. जाताना त्यांनी सगळं दाखवलं, येताना म्हणाले, "आता तू पुढं हो, मी मागनं येतो. मला घरी ने." त्या दिवशी चौकात कुठल्या बाजूला उभं राहायचं ते मी स्वतः शोधलं. आप्पा वीसेक पावलं मागं होते आणि एक शब्द बोलले नाहीत. तुमच्या घरी कुणालाही हे करायला सांगा. शाळेच्या पहिल्या दिवशी रस्ता ओळखीचा वाटला तर धास्तीला मनात जागाच कमी उरते.

आता गाडीचं. आपल्या रस्त्यावर दोन राज्यांच्या गाड्या धावतात, आणि हे नवीन मुलींना आधीच माहीत असायला हवं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या गाड्यांत शक्ती योजनेखाली बायका-मुलींना तिकीट पडत नाही. आधार दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट देतो. ते तिकीट मागून घ्या आणि उतरेपर्यंत जपा. मात्र आधारवर पत्ता कर्नाटकातला हवा. आमच्याकडं कितीतरी आयांचं माहेर चंदगड तालुक्यात, काही मुलींचं आधार लहानपणी आजोळीच काढलेलं असतं. तसं असेल तर मेमध्येच पत्ता बदलून घ्या. चंदगडकडून येणारी महाराष्ट्राची एसटी मिळाली तर तिथं आपली सवलत चालत नाही, पूर्ण पैसे मोजावे लागतात. म्हणून कंपास पेटीत भाड्याचे सुटे पैसे कायम ठेवावेत, पहिल्या तासाची घंटा चुकण्यापेक्षा ते बरं. मुलग्यांना विद्यार्थी पास काढावा लागतो. त्याचा अर्ज सेवा सिंधु या कर्नाटक सरकारच्या पोर्टलवर भरतात, घरी जमत नसेल तर ग्राम वन या गावातल्या सरकारी सेवा केंद्रात भरून देतात. जूनमध्ये तिथं गर्दी उसळते, तेव्हा शाळेचा प्रवेश झाला की लगेच अर्ज करा.

महाराष्ट्राच्या गाडीची पाटी देवनागरीत असते, आपल्याकडच्या गाड्यांची बहुतेक कन्नडमध्ये. पहिलीपासून गिरवलेली कन्नड अक्षरं मला खऱ्या अर्थानं उपयोगी पडली ती इथं. शाळेत ज्या अक्षरांचे नुसते गुण मिळायचे, त्याच अक्षरांनी आता मी योग्य गाडीत बसते. मागं उभ्या असलेल्या आजीबाईला "ही उचगावला जात नाही, आजी" असंही सांगते. कंडक्टरनं "एल्लिगे?" विचारलं की गडबडून जायचं नाही, कुठं जायचं एवढंच विचारतोय तो. गावाचं नाव स्पष्ट सांगितलं की झालं. बहुतेकांना मराठी कळतं. तरी दोन शब्द आपणही त्यांच्या भाषेत बोललो तर समोरचा माणूस खुलतो, हा माझा रोजचा अनुभव आहे.

पहिल्या दिवशी सकाळी आजीनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. माझा घास काही खाली उतरत नव्हता. "भितीस कशाला गे? शाळाच हाय की ती," एवढंच ती म्हणाली आणि माझ्या रिबिनी पुन्हा घट्ट बांधल्या. पाऊस भुरभुरत होता. शेतांत रताळ्याच्या वेलांसाठी वरंबे ओढायचं काम चाललं होतं आणि स्टॉपवर आम्ही मुलं छत्र्या सावरत उभी होतो. गाडी तुरमुरी, उचगाव फाटा, सुळगा अशी भरत जाते. आमचं गाव आधी असल्यानं बसायला जागा मिळते, सुळग्याच्या मुलांना मात्र बहुतेक वेळा उभंच राहावं लागतं. ज्यांना आधी जागा मिळते त्यांनी उभ्या असलेल्यांची दप्तरं मांडीवर घ्यायची, असा या गाडीचा रिवाज आहे. मला तो फार आवडतो. पहिल्याच दिवशी माझ्या मांडीवर तीन दप्तरं होती, आणि उतरेपर्यंत त्या तिघींची नावं मला ठाऊक झाली होती.

हिंडलग्याला हुतात्मा स्मारक आहे, १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात ज्यांचे जीव गेले त्यांचं. दर वर्षी १ जूनला तिथं अभिवादन होतं, म्हणजे शाळा उघडण्याच्याच सुमाराला. गाडी हिंडलग्यातून जाताना मला दर वेळी वाटतं, की मी आज मराठीतून विज्ञान शिकायला निघालेय ते सहज मिळालेलं नाही. आणि कन्नडच्या तासाला बसायला मी तितक्याच मनापासून जाते. ही दोन्ही मतं माझ्यात एकत्र नांदतात, त्यांचं भांडण मला कधी जाणवलं नाही.

कित्तूर चन्नम्मा चौक आला की उतरायचं. चौकात राणीचा पुतळा आहे, १८२४ साली इंग्रजांशी लढलेली कित्तूरची राणी ती. वाट हरवली तर पुतळ्यापाशी परत या, तिथून सगळे रस्ते कळतात. आमची शाळा कॉलेज रोडच्या बाजूला आहे. चौकातून बोगारवेशीकडं चालत निघालं की वाटेत लिंगराज कॉलेज लागतं. सकाळी या रस्त्यावर रिक्षा आणि दुचाक्यांची रीघ असते, गावात आपण जसा रस्ता ओलांडतो तसा इथं चालत नाही. दोघी-तिघींनी मिळून ओलांडा आणि गाडीसमोरून धावू नका. तुमची शाळा शहापूर किंवा टिळकवाडीकडं असेल तर पुढं सीबीटीपर्यंत, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जाऊन सिटी बस धरावी लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

शाळेत शिरल्यावर माझे पाय जड झाले होते. फळ्यावर तुकड्यांची यादी लावलेली, तिच्याभोवती गर्दी, आणि त्या गर्दीत सगळेच एकमेकांना ओळखत असल्यासारखे बोलत होते. तसं काही नसतं, हे मला नंतर कळलं. सांबऱ्याची, येळ्ळूरची, कडोलीची मुलंही माझ्यासारखीच यादीत आपलं नाव शोधत होती. प्राथमिक शाळेत दोन शिक्षक सगळे विषय शिकवायचे, इथं दर तासाला नवा चेहरा. पहिला आठवडा कुठल्या टीचर कुठला विषय घेतात हे लक्षात ठेवण्यातच जातो. वेळापत्रक मिळेल त्या दिवशीच दोन प्रती करा, एक घरी भिंतीला आणि एक दप्तरात.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती, ती तुम्हाला सांगते. गावात मी गणितात कच्ची म्हणून ओळखली जायचे. तिसरीत कधीतरी तो शिक्का बसला आणि सातवीपर्यंत राहिला. सरांनी प्रश्न विचारला की सगळे आपोआप दुसरीकडं बघायचे, मीसुद्धा. इथं पहिल्या गणिताच्या तासाला सरांनी परिमेय संख्यांवर सोपासा प्रश्न विचारला आणि मला उत्तर येत होतं. आजूबाजूला बघितलं तर माझ्याकडून कुणाचीच कसलीच अपेक्षा नव्हती. मी हात वर केला. उत्तर बरोबर निघालं, सर "छान" म्हणून पुढं गेले, कुणाला नवल वाटलं नाही. तो साधेपणा मला किती मोठा वाटला ते शब्दांत आणता येत नाही. अनोळखी वर्गाची भीती मी कितीतरी रात्री मनात घोळवली होती, आणि त्याच अनोळखीपणानं मला नव्यानं सुरुवात करू दिली. तुमच्यावरही गावातला एखादा शिक्का असेल, गप्प बसणारा, मागच्या बाकाचा, इंग्रजी न येणारी. तो इथं कुणाला माहीत नसतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत एकदा तरी हात वर करा.

अभ्यासाचं थोडक्यात. दहावीची एसएसएलसी परीक्षा ६२५ गुणांची असते. प्रथम भाषा १२५ गुणांची आणि बाकीचे पाच विषय प्रत्येकी १०० चे. मराठी माध्यमात मराठी ही प्रथम भाषा, म्हणजे सगळ्यात जास्त वजन तिचंच. आपलीच भाषा म्हणून तिच्याकडं दुर्लक्ष करू नका, व्याकरण आणि निबंध आठवीपासून पक्के करा. कन्नडचं वाचन रोज थोडं तरी व्हावं. मी गाडीतून दिसणाऱ्या दुकानांच्या पाट्या वाचत जाते, त्यानं वेग वाढला.

आठवीतच एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते आणि कितीतरी जणांना तिचं नावही माहीत नसतं. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना ती देता येते, सातवीत ५५ टक्के गुण असावे लागतात आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. एक पेपर बुद्धिमापनाचा आणि एक शालेय विषयांचा, प्रत्येकी ९० प्रश्न. जूनमध्येच वर्गशिक्षकांना त्याबद्दल विचारा. आमच्या टीचरनी जुने पेपर काढून दिले, आम्ही काही जणी मधल्या सुट्टीत सोडवतो.

दुपारचं जेवण अक्षर दासोह योजनेतून शाळेत मिळतं, गरम भात आणि सांबार. ताट-वाटी कुणाकुणाच्या शाळेत घरून न्यावी लागते, आधी विचारून घ्या. मी तरी घरची भाकरी सोबत ठेवते, परतीच्या गाडीत भूक लागतेच.

परतीला चन्नम्मा चौकात थांबण्यापेक्षा सीबीटीला जाऊन गाडीत बसलेलं बरं, जागा मिळते. मंगळवारी आणि शुक्रवारी उचगावच्या मळेकरणी देवीला जाणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा एक गाडी जाऊ द्यायची तयारी ठेवा आणि घरी तसं सांगून ठेवा. शनिवारी शाळा सकाळची असते, पहाटेची गाडी धरावी लागते. आदल्या रात्री दप्तर भरून ठेवा. जुलैत पावसाचा जोर वाढला की मार्कंडेय नदी फुगते, काठची भातशेतं पाण्याखाली जातात आणि गाड्यांचा नेम राहत नाही. पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मगच दप्तरात ठेवा, वरचा रेनकोट पुरत नाही. पावसाच्या सुट्टीचे निरोप मोबाइलवर सारखे फिरत असतात. शाळेच्या ग्रुपवर आला तेवढाच खरा धरा. घरचा नंबर आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक कंपास पेटीच्या झाकणावर आतून चिकटवा.

पुढच्या जूनला आम्ही नववीत असू आणि याच गाडीनं जाऊ. पहिल्या दिवशी मागच्या दारानं चढा. शेवटच्या तीन बाकड्यांवर आम्ही असतो, दप्तर आमच्याकडं द्या.