सुईचा आकडा

मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढायच्या केसेस आमच्याकडे नेहमीच्याच. त्या दिवशी लागोपाठ दोन होत्या. आधी मस्जिद बंदरचे माथाडीकाका, जन्मभर पाठीवर गोणी वाहिलेले. नंतर लालबागच्या एक किडकिडीत मावशी.

सलाइनसाठी मनगटाच्या मागे इंट्राकॅथ (सुईवरून शिरेत सरकवायची बारीक नळी) घातलं की मी विचारते, "शून्य ते दहात किती दुखलं?" सुई सगळ्यांना तीच, 18 नंबरची, हिरवी. स्वीडनमधल्या भूलतज्ज्ञांनी पित्ताशयाच्याच पेशंटमध्ये पाहिलंय की सलाइनची सुई ज्यांना जास्त दुखते, त्यांना ऑपरेशननंतरही जास्त दुखण्याची शक्यता असते. उष्णता किंवा दाब देऊन वेदना मोजायची यंत्रं आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये कुठून येणार? सुई मात्र टोचावीच लागते.

काकांनी हात झटकला. "आठ, मॅडम."

थिएटरमधले वॉर्डबॉय मामा हसले. सर्जन म्हणाले, "एवढा गडी, आणि सुईला घाबरतो?"

हे हसणं मला सहन होत नाही. पेशंट एकदा लाजला की खरा आकडा सांगत नाही. काकांना दुखणं कमी करायला फेंटानिल, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक दिलं, दुर्बिणीसाठी पाडलेल्या भोकांच्या कडेला बधिर करणारं ब्युपिव्हाकेन भरायला लावलं. फाइलवर 'एसओएस' लिहिलं नाही, दर सहा तासांनी पॅरासिटामॉल लिहिलं. एसओएस म्हणजे मागितलं तर द्यायचं, आणि ज्याला हसलेत तो मागत नाही.

संध्याकाळी काका चहा पीत बसले होते. "तीन." सर्जन म्हणाले, "बघा, उगाच एवढी औषधं दिलीत." त्यांचा हात उत्तम आहे, पण टाके पडले की त्यांच्या लेखी पेशंट बरा झालेला असतो. आकडा तीनवर राहिला तो औषधांमुळे, की एरवीही तीनच असता? औषध न देता पाहणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

मावशींचा सुईचा आकडा होता एक. पण ऑपरेशननंतर त्या उजवा खांदा धरून बसलेल्या. "डॉक्टर, हार्टचं काही नाही ना?" ईसीजी ठीक होता. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडने श्वासपटल चुरचुरतं, आणि त्याची नस मानेतून येत असल्याने दुखतं खांद्यात. "सात," म्हणाल्या. ट्रॅमाडॉल दिलं.

सर्जनांना आयतंच सापडलं. "मग तुमच्या सुईचा उपयोग काय?" उपयोग एवढाच की कोणासाठी जास्त तयारी ठेवायची ते कळतं. कमी आकड्यावर औषध कमी करायला मी कधीच सांगितलेलं नाही. मावशींनाही पॅरासिटामॉल वेळेवर चालू होतंच.

भुलीच्या कागदावर या आकड्यासाठी रकाना मागितलाय. तो छापून येईपर्यंत समासात लिहिते. दुसऱ्या सकाळचा आकडा शेजारी लिहायला रेसिडेंटना बजावलंय, पण निम्म्या फायलींत तो नसतोच, आणि त्याच्याशिवाय सर्जनांना दाखवू काय?